ब्लोअर चालत नाही, एवढंच

— अहो तो नको, तो वायपरचा! हा, हा गोल खटका, हा ब्लोअरचा. फिरवा. एकावर घ्या. काही नाही ना? दोनवर घ्या. तीन. आता चार — चारवर खरं तर वादळ सुटायला हवं, तुमचा मफलर उडायला हवा — नाही ना उडत? बघा. मला इतकं वाईट वाटतंय म्हणून सांगू. गाडी बघायला आलेल्या माणसाला असं कुडकुडत बसवायचं म्हणजे — पण लपवाछपवी करणारा माणूस मी नाही. जे आहे ते तोंडावर. हीटरचा ब्लोअर चालत नाही. बाकी गाडी... म्हणजे बाकीही गाडी जुनीच आहे म्हणा. काच बघा कशी धुरकटली, ब्लोअर नसला की असंच होतं, सारखं फडकं मारत बसायचं, समोर बस आहे की भिंत आहे ते कळत नाही. तुमच्या आधी एक बेकरीवाले आले होते, त्यांनी हा खटका फिरवला आणि म्हणाले, विचार करून कळवतो. मग एक गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या, त्यांना गळ्याची काळजी, त्या नीट बसल्यासुद्धा नाहीत. मी म्हटलं, तुमचं बरोबर आहे बाई. मी कुणाला आग्रह करत नाही.

काय बिघडलं असेल म्हणता? तसं सोपं असतं हो ते. ऊब आणि वारा या दोन वेगळ्या गोष्टी. ऊब असते इंजिनच्या गरम पाण्याची — ती आहे, काटा बघा कसा वर आलाय, या जाळीपाशी बोट न्या, किंचित लागते ना? पण ती बाहेर ढकलायला पंखा लागतो, तो पंखा म्हणजे ब्लोअर. चहा उकळून तयार आहे पण कपात ओतायला घरात कुणी नाही, तशातली गत. आता पंखा का फिरत नाही ते शोधायचं म्हणजे — फ्यूज असेल, वायर असेल, मोटर असेल — जुन्या गाडीत एक काढावं तर दुसरं निघतं. तुमच्यासारख्या कामाच्या माणसानं कशाला या भानगडीत पडायचं? — फ्यूज? हो, बघितला की. म्हणजे बघितला असेल मी. फ्यूजचं काय एवढं. तो खण नका उघडू, त्याचं झाकण निखळतं — राहू द्या हो, राहू द्या!

— काय म्हणालात? चालेल? अहो, ब्लोअर नाही म्हणतोय मी. चालेल कसं? कसलं दुकान आहे तुमचं? फुलांचं! आता काय बोलणार. थंड गाडीच बरी, फुलं टिकतात — हे बाकी खरं. हे मला सुचलंच नाही. आणि हिनंही सांगितलं नाही बघा. फोन हिनंच घेतला होता, जाहिरातही हिनंच दिलेली, मला नुसतं म्हणाली, “अहो, एक जण येतायत सकाळी, सज्जन वाटतात, नीट बोला त्यांच्याशी.” फुलवाले आहेत असं काही बोलली नाही. बोलत नाही ती घरात फारसं. बरं, दार बघितलंत का मागचं? ओढावं लागतं. आणि वळताना खालून एक आवाज येतो, कुणी दाताखाली कडक बिस्किट फोडतंय असा. तोही चालेल? तुम्ही फारच सोशिक आहात हो. लग्न झालंय का? तरीच.

मागचं सीट काढून टाकणार, बादल्या ठेवायला — बरं. काढा, मागे तसंही कुणी बसत नाही. पोरगी बसायची, ती सासरी गेली. — आणि हे? हे पुढचंही? तुम्ही बसलाय ते? नाही नाही, ते कशाला! थांबा जरा. बादल्या मागे मावतील की हो! गुलाबाला काय पुढं बसून रस्ता बघायचाय? हसू नका, मी गंमत नाही करत. तुम्ही बसलाय ना, ती जागा हिची आहे. माझ्या बायकोची. नर्स होती ती, इस्पितळात, सकाळची ड्यूटी. बाहेर अंधार, हाडं गोठवणारी थंडी, आणि मी तिच्या आधी खाली उतरायचो — आतल्या कपड्यांवर कोट चढवून, लाज कसली — गाडी चालू करायची, काटा वर येईपर्यंत थांबायचं, मग ब्लोअर लावायचा, आतली हवा चांगली ऊबदार झाली की एक हॉर्न. एकच, छोटासा, शेजारपाजाऱ्यांनी शिव्या देऊ नयेत म्हणून. तो ऐकला की ही जिना उतरायची. यायची, बसायची, आणि आधी दोन्ही हात त्या तुमच्या समोरच्या जाळीपुढे धरायची. हात गरम होईस्तोवर एक शब्द नाही. आणि एकदा का हात गरम झाले, की मग जे बोलणं सुरू व्हायचं — बाप रे! कुठल्या पेशंटनं कुणाला काय फेकून मारलं, मोठ्या डॉक्टरांना कसा जावई मिळाला, पोरीला कुठल्या शाळेत घालायचं, माझ्या आईशी मी कसं बोलायला हवं होतं — सगळं. ब्लोअर घरघरत असायचा आणि त्याच्यावर आवाज चढवून ही बोलत असायची. घरात ती अशी नाही हो. घरात नुसतं हो, नाही, भाजी संपलीय. मला वाटतं आमचा संसार असा जो काही झाला तो या दोन सीटवर झाला. घरी आम्ही आपले झोपायला जायचो.

— मग विकताय कशाला? आता काय सांगू तुम्हाला. तुम्ही फुलवाले, तुम्हाला सांगायला हरकत नाही. ती रिटायर झाली. मी तर आधीच झालेलो. सकाळी कुठे जायचं नाही, गाडी खाली उभी. एके दिवशी जावयाचा फोन आला होता, त्याच्याशी मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेलो की आता थंडीत जिने उतरायचा कंटाळा येतो बुवा; ही तिथेच भाजी निवडत होती. झालं. रात्रीचं जेवण झाल्यावर ही विणत बसली होती — नातवाचा स्वेटर, आकाशी रंगाचा — वर न बघता म्हणाली, “गाडी विकून टाकू या का?” मला वाटलं, हिला नकोशी झालीय. ड्यूटी संपली, आता कशाला हवी गाडी, आणि कशाला हवा ड्रायव्हर. मी म्हटलं, टाकू. एवढंच. टाकू! तिनं विचारायचं आणि मी पडत्या फळाची आज्ञा म्हणून मान डोलवायची. तेव्हा तोंड उघडायला काय झालं होतं मला? पण मूग गिळून बसलो. दुसऱ्या दिवशी तिनं जाहिरात दिली. आता बोललो तर म्हणेल, तेव्हा का नाही बोललात.

म्हणून मग — हे बघा, हे तुमच्या-माझ्यात राहू द्या. हा माझा चष्म्याचा डबा. हा चष्मा. आणि हा, कापडाखाली — हा काय आहे? हा ब्लोअरचा फ्यूज. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना, इथे कळसा मीच काखेत मारून बसलोय. जाहिरात आली त्या दिवसापासून खिशात घेऊन हिंडतो. थंडीच्या दिवसांत हीटर नसलेली गाडी कोण घेणार, असा माझा हिशेब. बेकरीवाले गेले, गाण्याच्या बाई गेल्या, मी खूश. आणि तुम्ही आलात, तुम्हाला थंडच हवी! देवानं माझी बरी जिरवली. — नाही, रागावू नका. हसताय? हसा. हसा, पण ही गाडी थंड ठेवायची म्हणता ना, ते काही माझ्या मनाला पटत नाही. निदान एकदा बघून तर जा ती कशी होती. धरा, धरा हात त्या जाळीपुढे, असे, दोन्ही. मी हा फ्यूज बसवतो — झाकण काही निखळत नाही, खोटं बोललो — हा बसला. आता फिरवा खटका. चारवर घ्या एकदम.

— फिरवलात ना? मग?

असं कसं? परत फिरवा. नाही... नाही हो, आता मी काही केलेलं नाही, तुमच्यादेखत बसवला! फ्यूज उडालाय का बघू. उजेडात धरतो — आतली तार अख्खी आहे. जागेवर नीट बसलाय. एकावर नाही, दोनवर नाही — आता बघा, खालचे तीन नंबर बंद असते आणि चार चालू असता, तर म्हटलं असतं पंख्याचा वेग कमी करणारा रेझिस्टन्स जळला, कारण चार नंबरचा करंट त्याच्यातून जातच नाही, थेट मोटरला जातो. पण इथे चारही मेलेत. म्हणजे मोटरला करंटच पोचत नाही, नाहीतर मोटर तरी बसली. बसली असेल हो, वय झालं तिचं. तुम्ही जरा पाय वर घ्या. वर, वर, सीटवर घ्या, बुटांचं काही नाही. इथे, तुमच्या गुडघ्यांच्या पुढे, या खणाखाली असते मोटर. पूर्वी अडकली की मी एक बुक्का हाणायचो, लगेच सुरू. — धप्प. — नाही. पुन्हा. — नाही हो. अरे देवा. म्हणजे मी फ्यूज काढून खोटं खोटं नाटक करत होतो आणि मोटर खरोखरच गेली? वाईट वाटतंय मला. आता खरंच वाटतंय, मघासारखं नाही. तुमच्या मोबाईलचा उजेड द्या इकडे. मान आत घालतो. खाली धरा, अजून खाली — हां. मोटर आहे. मोटरच्या शेपटाला प्लग असतो, दोन वायरींचा, तो कुठाय — तो...

तो काढून ठेवलाय.

निसटलेला नाही हो! निसटलेला प्लग लोंबकळत असतो. हा बघा, नीट बाजूला घेऊन वायरीच्या जुडग्याला बांधून ठेवलाय, खडखडू नये, घासू नये म्हणून. कशानं बांधलाय दिसतंय का तुम्हाला? मला चष्मा — द्या, तो डबा द्या. लोकर आहे. आकाशी लोकर.

आणि गाठ बघा. सपाट. दोन्ही टोकं सारखी कापलेली. ही बँडेजची गाठ, पेशंटला आडवं झाल्यावर टोचू नये म्हणून अशीच बांधतात. आमच्या घरात दुधाच्या पिशवीपासून वर्तमानपत्राच्या गठ्ठ्यापर्यंत सगळ्याला हीच गाठ आहे. मी ओळखणार नाही? — म्हणजे बघा, कुणी गाडी बघायला येणार असलं की ही म्हणायची, “मी जरा खाली जाऊन सीटं पुसून येते.” मला वाटायचं, काय हौस आहे हिला विकायची, सीटंसुद्धा पुसून ठेवते! आणि ही इथे, जिना उतरताना कुरकुरतात ते गुडघे टेकून या खणाखाली शिरत होती. मोटरचा प्लग कुठला ते हिला कळलं कसं? मीच कधीतरी सांगितलं असणार. बुक्का मारताना. मी समजत होतो, बडबडीच्या नादात ऐकत नाही ती माझं काही.

नाही, डोळ्यात धूळ गेली. खणाखाली फार धूळ आहे. — हो, रडतोय. मग? मी चोर तर ती चोरावर मोर, आणि दोघं तोंडावर कुलूप लावून एका टेबलाशी जेवतोय, कुणी गाडी घेऊन जाईल या धाकात! आता तुम्ही हसा, खरंच हसा, मलाही हसू येतंय. लोकर मी खिशात ठेवतो. प्लग असा — खट्. बसला. खटका फिरवा आता. — आहाहा! बघा! वास येतोय ना धुळीचा? येऊ द्या, जाईल तो. काच बघा, खालून कशी स्वच्छ होत चालली. मफलर सांभाळा.

— नाही, आता नाही विकायची. कितीही सज्जन असलात तरी नाही. तुम्हाला नेमकी जुनी, थंड गाडी मिळेल कुठेतरी, तुमच्यावर देवाची कृपा आहे, तुम्हाला बिघडलेलंच आवडतं. पत्ता ठेवून जा दुकानाचा. आमची पहिली फेरी तुमच्याकडे, फुलं घ्यायला, आणि ही वाटभर काय बोलेल ते ऐकायला मला आत्तापासूनच — श्श, थांबा जरा. वर बघा, काच पुसली गेलीय आता, दुसऱ्या मजल्याची खिडकी. पडदा हलला ना? ती तिथे उभी आहे. गाडी गेली की राहिली, तेच बघत असणार, दुसरं काय.

एक मिनिट हं. काटा वर आहे, ऊब चांगली झालीय. आता एक हॉर्न. एकच. छोटासा.

— ऐकू आला असेल ना तिला?

पडदा पडला. खिडकीत कुणी नाही.

जिन्याचं दार वाजलं. उतरा हो, उतरा लवकर, तिकडचं दार बाहेरून ढकलून लावा — ती येतेय, आणि हात गार असतील तिचे.