रविवारचे बूट

(परदेशातलं बुटांचं दुकान. नणंदेच्या कानाला फोन, समोर तिच्या लहान मुलीचं पाऊल मापाच्या पट्टीवर.)

वहिनी : मी तेव्हाच म्हटलं होतं ताई, नुसता नंबर विचारून बूट घेऊ नका. आईंचं पाऊल कागदावर ठेवते, भोवती पेन फिरवते, फोटो पाठवते. आठवतंय?

नणंद : आठवतंय गं. सरप्राइझचा विचका नको म्हणून मीच नाही म्हटलं. पण नंबर बरोबर निघाला ना! म्हणून तर आज परत आलेय. तेच बूट, तपकिरी रंगात. घेऊन टाकू?

वहिनी : नका घेऊ.

नणंद : का? चिऊ, टाच मागे टेकव बाळा, काकांना माप घेऊ दे... का गं? इतक्या वर्षांत तिने वापरलेली ही पहिली वस्तू. अत्तर नेलं, ते चपलांच्या कपाटात मारलं. शाल नेली, ती शिलाई मशीनखाली अंथरली.

वहिनी : खडखड थांबते म्हणाल्या.

नणंद : आणि मग कामवाल्या मावशींना देऊन टाकली! तिला काय आवडेल ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. बूट मात्र दर रविवारी व्हिडिओवर पाय उचलून दाखवते.

वहिनी : कारण तुम्ही दर रविवारी "बूट दाखव" म्हणता.

नणंद : म्हणजे?

वहिनी : बूट लहान आहेत, ताई. उजव्या पायाचा अंगठा काळा पडलाय. शुगर आहे ना, दुखल्याचं कळलंच नाही त्यांना. परवा मोज्यावर डाग दिसला तेव्हा मी हात धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, जखम सुकली तर ठीक, नाहीतर अंगठा काढावा लागेल.

नणंद : परवा? अगं, काल तर तिने मला...

वहिनी : काल पट्टी सोडून बूट चढवला. मी आडवी गेले, तर म्हणाल्या, "सरक बाजूला, लेकीचा फोन आलाय."

नणंद : आणि मी चिऊला हाका मारून बोलावलं. बघ, आजी कशी ऐटीत! ऑफिसात सगळ्यांना फोटो दाखवत फिरले. वहिनी, परवाच का नाही सांगितलंस?

वहिनी : कुठल्या तोंडाने सांगू? एका घरात राहते, दोन वेळा समोर बसून जेवते. पायाकडे माझंही लक्ष गेलं नाही.

नणंद : चिऊच्या प्रत्येक बुटात मी बोट घालून बघते, पुढे जागा आहे ना. आत्ताही माझं बोट तिच्या बुटातच आहे, वहिनी.

वहिनी : रडू नका. आधी त्यांना सांगा. माझं ऐकत नाहीत, तुमच्या दादाचंही नाही. तुमचा फोन म्हटल्यावर आताही बूट घालून बसल्यात. देते.

आई : काय गं, सोमवारी कसा फोन? थांब, हिला व्हिडिओ लावू दे.

नणंद : नको आई. बूट काढ.

आई : सूनबाईंनी चहाडी केली वाटतं! नवे बूट जरा चावतातच.

नणंद : नवे नाहीत आता ते. लहान आहेत.

आई : नंबर मीच सांगितला होता. लग्नापासून तोच आहे. आता काय माझं वाढायचं वय आहे?

नणंद : वयाबरोबर पाऊल पसरतं, आई. मी माप मागवायला हवं होतं. वहिनी पाठवत होती, मीच ऐकलं नाही. चुकलं माझं.

आई : तुझं कसलं चुकतंय. शाल देऊन टाकली तेव्हा किती रुसलीस. फोन बंद, चिऊचं तोंड दिसेना. तेव्हाच ठरवलं, आता तिकडून काहीही येवो, घालायचं.

नणंद : आई...

आई : दुकानात आहेस ना? डोळे पूस, लोक बघतील.

नणंद : बघू देत. मी पाठवलेलं मशीनखाली अंथर नाहीतर वाटून टाक, मी काही म्हणणार नाही. फोन करीन. रोज करीन.

आई : रोज नको बाई, माझ्या मालिका बुडतात.

नणंद : काढलास का?

आई : काढतेय. घट्ट बसलाय मेला. हं, निघाला. घे गं सूनबाई, हिला जरा समजाव. मला काय धाड भरलीय!

वहिनी : निघाला, ताई. पट्टी ओली झालीय. लगेच दवाखान्यात नेते.

नणंद : वहिनी, आपण मघापासून उजव्याच पायाचं बोलतोय. डावा बूट?

वहिनी : तो... तो पायातच आहे अजून.

नणंद : काढून बघ ना. मी थांबते फोनवर.