पहिल्या बोलीला

न्हाई सर, तसं न्हाई — दरवाजे मोजायला मला चष्मा लागत न्हाई. दोन. एक इकडं, एक तिकडं. आता मागच्या माणसानं काय करावं? पुढच्यानं उतरावं, सीट वाकवावी, मग मागच्यानं आधी एक पाय काढावा, मग डोकं, मग राहिलेलं — प्रवास हाय का बाळंतपण? आणि ही मागची काच. एवढी मोठी, कापड दुकानाच्या शोकेससारखी, आणि उघडत न्हाई. ह्या उन्हात मागं बसलेला माणूस लातूर ते नांदेड पापड होऊन उतरतो. वहिनी कुठं बसतात? पुढं. मग मागं कोण? कोणी न्हाई. बघा. चार माणसांची गाडी, दोन माणसं बसणार, आणि नाव — सिएरा. डिझेल. स्पोर्टी. अहो, लातुरात कुठल्या रस्त्यावर पळवता तुमी हिला? औसा रोडला? तिथं तुमच्याच क्लासच्या पोरांच्या सायकली आडव्या येतात.

बसा सर, बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय गेलाय. इकडं, सावलीत. तुमी पहिल्यांदा आलात म्हणून सांगतो — मी जलील. नांदेडात जुन्या गाड्यांची दलाली मला वीस वर्षं झाली, आणि तुमचं नाव सांगायला लागत न्हाई, बसवंत सर, केमिस्ट्री, लातूर. एस.टी.च्या पाठीवर तुमचा फोटो जातो की रोज इथून. फोटोत जरा बारीक दिसता.

तर वेगळी गाडी पाहिजे. ही द्यायची आणि दुसरी वेगळी घ्यायची. सगळे हेच म्हणतात सर आजकाल — वेगळी. साध्या गाडीला कोणी हात लावत न्हाई. मागच्या महिन्यात देगलूरचा एक डॉक्टर आला, त्याला बी वेगळी पाहिजे. ती जिप्सी बघा, त्यानं बघून सोडलेली. घ्या. वर टप, खाली चार पत्रे, मधून वारा. तुमी क्लाससमोर उतरला की पालकांना वाटेल फॉरेस्टचे साहेब आले, किनवटचं सागवान धरायला. पोरं कुंपणावरून पळतील. न्हाई पाहिजे? मग ती फियाट. तिचं वेगळेपण म्हणजे तिचा मालक. बिलोलीचे वकील होते, रोज फडक्यानं पुसायचे, गाडी कमी चालवली आणि पुसली जास्त — रंगच गेला पुसून पुसून. आणि ती मागची लांब, हैदराबादहून आलेली, विलायती. तिच्याकडं बघू बी नका. तिचा एक नट मिळवायला मी सहा महिने फिरलो, शेवटी नट मिळाला तर बोल्ट म्हातारा झाला होता.

आणि वेगळी गाडी पाहिजे कशाला सर? राग नका मानू. तुमच्या समोरच्या क्लासवाल्यानं नवी आणली, हे ऐकलंय मी. इथपर्यंत येतं सगळं. म्हणजे पोरं केमिस्ट्री शिकायला येतात का गाडी बघायला? पालक येतो लोह्याहून, बिलोलीहून, धोतरातला माणूस, त्यानं काय बघावं? वर बोर्ड, बोर्डावर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, खाली सरांची गाडी. झालं. ह्यावर पोराची दोन वर्षं तुमच्या हवाली. आमच्या धंद्यात निदान बॉनेट उघडून दाखवावं लागतं.

आधी लातूर म्हणलं की डाळ म्हणायचे लोक, तेल म्हणायचे. मग त्र्याण्णवला भूकंप झाला आणि दिल्लीपासून सगळ्यांना लातूर कळलं. मी गेलो होतो सर तेव्हा, किल्लारीकडं, मेटाडोरमध्ये पाव भरून. चार फेऱ्या. जाऊ द्या ते. आणि आता लातूर म्हणलं की क्लास. पत्र्याचे शेड, शेडमध्ये दोनशे पोरं, माईकवर केमिस्ट्री. माईकवर मी आजपर्यंत भंगारवाला ऐकलाय आणि पुढारी ऐकलाय—

हसा, हसा. बरं वाटलं तुमी हसला. मला वाटलं गुरुजी माणूस, उठून जातो आता.

ती? ती मोरपंखी? ती नको. ती विकायची न्हाई. कॉन्टेसा हाय, हाव, पण ती ताडपत्रीत राहू द्या. अहो सर, हात नका लावू— बघितलीत? लागलं मन? सगळ्यांचं तिथंच लागतं. रंग असा दुसरा मराठवाड्यात न्हाई. लांबी बघा, नाक बघा. चार दरवाजे. क्लाससमोर उभी केली की समोरच्याची नवी गाडी रिक्षासारखी दिसेल. पण आत्ता न्हाई. चहा येऊ द्या.

काय? कुठल्या पाट्या? हां, ह्या काचेवरच्या. छापील न्हाई सर, हातची अक्षरं हायत. प्रत्येक गाडीची अशी पाटी हाय — कुठल्या साली निघाली, किती मालक झाले, किती चालली. माझ्या मुलीची. बुशराची. आठवीपासून तीच लिहिते. मला म्हणायची, अब्बा, तुमी तोंडानं रोज वेगळं साल सांगता, लिहून ठेवलं की एकच राहील. दहावी झाली आता. हाव, चांगली हाय अभ्यासात. पुढं? बघू. इथंच कुठंतरी. नांदेडात काय कॉलेज न्हाईत का? लातूर कशाला? कालपर्यंत तुमचं लातूर—

हाव.

दिली होती. तुमचीच दिली होती. मे महिन्यात, तुमच्या स्पेशल बॅचची प्रवेश परीक्षा. मीच घेऊन आलो होतो, सकाळच्या एस.टी.नं. तुमी दिसला न्हाईत, तुमची गाडी दिसली. हीच. पोरी तिच्या काचेत बघून केस नीट करून राहिल्या होत्या.

न्हाई सर, नापास न्हाई. हळू बोला जरा. ती खिडकी आमच्या घराचीच हाय, यार्डाच्या मागं घर. तुमी आलेलं कळलं तसं ती आत जाऊन बसलीय. चहा बी जन्नतबीच आणेल, माझी बायको. बुशरा येणार न्हाई तुमच्यासमोर. तिला वाटतं ती नापास झाली.

आता सुरू केलंय तर सांगतो. तुमच्या ऑफिसातून फोन आला. इथंच, ह्या टेबलावर. एक मॅडम होत्या — तुमच्या मुलीची निवड झाली, यादीत एकतिसावी, शनिवारपर्यंत येऊन नाव पक्कं करा. साठ जणांत एकतिसावी! माझा बाप माळेगावच्या यात्रेत जनावरांचा दलाल होता सर. रुमालाखाली हात घालून बोटांवर भाव करायचा, चेहरा असा — मेलेला. घोडा आवडला की आधी थुंकायचा. म्हणायचा, खूर फुटलेत, दात घासलेत, कोणी घेऊन जा म्हणलं फुकट तरी नको. मालक लांब गेला की परत येणार, हे त्याला ठाऊक. यायचा बी. मी लहानपणापासून तेच बघितलं, तेच केलं. पहिल्या बोलीला हाव म्हणलं की तुमी गेलात. कुठलंबी असो — बैल, ट्रक, सोयरीक.

मग मी काय म्हणालो असेल त्या मॅडमला? तुमीच सांगा. काय म्हणालो असेल?

म्हणालो, बघू. म्हणालो, नांदेडात बी क्लास हायत. तुमच्यात एवढं काय हाय? मुलींची राहायची सोय कशी, पानी येतं का, बाकीचे लोक सवलत देऊन राहिले, तुमी काय देता? म्हणालो, आमाला घाई न्हाई. आणि फोन ठेवला, आणि — खोटं कशाला — खूश होतो मी. मिशीत हसलो. म्हणलं आता दुसरा फोन येतो. दुसऱ्या फोनला माणूस नरम असतो. त्याला अर्धं हाव म्हणायचं, आणि तिसऱ्याला पक्कं.

आला न्हाई. शनिवार गेला. गाडीवाल्याकडं गाडी एक असते सर, गिऱ्हाईक चार. तुमच्याकडं एका खुर्चीला चारशे पोरं उभी, हे मला कळायला नको? वीस वर्षं धंदा केलेल्या माणसाला? सोमवारी मी स्वतः फोन केला. मॅडम म्हणाल्या, तुमी नको म्हणालात ना, पुढच्या नंबरला दिली. मी कधी नको म्हणालो? मी बघू म्हणालो. आमच्यात बघू म्हणजे हाव. तुमच्यात बघू म्हणजे न्हाई, हे मला कोणी सांगितलं होतं?

आणि पोरगी रोज विचारायची. अब्बा, लातूरचा फोन आला का? मी म्हणायचो, न्हाई. सौदा पुरा झाल्याशिवाय घरात सांगायचं न्हाई, ही बी बापाचीच शिकवण. म्हणलं पक्कं करतो आणि एकदमच सांगतो, पेढे आणतो. पाच दिवस न्हाई म्हणालो. सहाव्या दिवशी तिनं विचारलं न्हाई. पुस्तकं बांधून माळ्यावर ठेवली. आणि आता सांगेल ते काम करते. परवा त्या ट्रॅक्टरची पाटी लिहिली तर अक्षर तसंच, गोल, एक खाडाखोड न्हाई — मला वाटलं होतं, निदान तिथं तरी चिडेल.

तर आता तुमी माझ्या दारात हायात. स्वतःहून आलात. सकाळी ही गाडी फाटकातून आत वळली, आवाज ऐकला, म्हणलं अल्लानं धाडली. ठरवलं होतं — उतरले की आधी हेच बोलायचं, हात जोडून बोलायचं. आणि तोंड उघडलं तर काय निघालं? दरवाजे दोनच हायत म्हणून. बाळंतपण म्हणून. एक घंटा झाला, तुमच्या गाडीला, तुमच्या क्लासला, तुमच्या फोटोला नावं ठेवून राहिलो. जबानच तशी झालीय. चांगलं दिसलं की थुंकते.

सर, कॉन्टेसा घेऊन जा. ताडपत्री काढतो. भाव तुमी सांगाल तो, न्हाई सांगितला तरी चालेल. एक खुर्ची वाढवा फक्त, साठच्या जागी एकसष्ट—

अरे, बसा! सर, बसा, उठू नका. चुकलो. चुकलो ना. लाच न्हाई ती. आमाला दुसरं मागताच येत न्हाई, काही टाकल्याशिवाय. बसा. पानी घ्या.

आणि ती घेऊ बी नका. ऐका. ती कॉन्टेसा भूकंपातली हाय. किल्लारीजवळच्या एका गावात उभी होती, माळवदाच्या घराच्या भिंतीला लावलेली. भिंत तिच्यावर आली. मालक अंगणात झोपला होता म्हणून राहिला, बाकीचं विचारू नका. त्यानं गाडीकडं परत बघितलं न्हाई. मी उचलून आणली, टप कापून दुसरा बसवला, मधले खांब जोडले, रंग दिला. विचारलं कोणी तर म्हणायचो, उन्हानं रंग गेला होता म्हणून दिला. तिच्या पाटीवर बुशरानं काय लिहिलंय बघा. साल लिहिलंय, मालक लिहिलाय, आणि खाली — टप बदललेला. मला न विचारता. म्हणूनच ताडपत्री टाकलीय मी, रंग जपायला न्हाई. पाटी झाकायला.

आणि तुमची सिएरा — खरं सांगू? आठ वर्षांत इंजिनाचा आवाज फाटला न्हाई, धूर काळा न्हाई, पत्र्याला हात लागलेला न्हाई. अशी दुसरी मला दाखवा कुणाकडं, मीच घेतो. वेगळी पाहिजे म्हणता, मग हिच्याहून वेगळी काय आणणार तुमी? पालक समोरच्याकडं गेले तर गाडीमुळं गेले न्हाईत सर. मला कळतं, दोन तिमाह्या तुमी तालुक्यांत फिरत होतात, शिकवायला दुसरेच उभे होते. पोरं सांगतात की. गाडी बदलून काय होणार? घेऊन जा तुमची तुमी. जा. मला ह्यात एक पैसा सुटत न्हाई, आणि मी सांगून राहिलो, हे बी लिहून ठेवावं कुणीतरी.

काय म्हणालात?

खरंच? एक मुलगी आलीच न्हाई? कुठली, उदगीरची? मग ती खुर्ची — न्हाई, मी काही बोलत न्हाई. मी काही म्हणालो न्हाई. फोन? हा घ्या की. इथून करा, लातूर लागतं सरळ. त्यांना सांगा, बुशरा, नांदेड, जलीलची मुलगी.

नंबर? कुठला नंबर? परीक्षेचा?

नावावरून न्हाई निघत का? तीन बुशरा? ह्या वर्षी सगळ्यांनी बुशराच पाठवल्या का लातूरला? वडिलांचं नाव सांगा ना. यादीत फक्त नंबर, आणि एकतिसाव्या जागी आता दुसऱ्याचा. बरं. फोनवर तो नंबर लिहून घेतलेली चिठ्ठी… मी फाडली सर. सोमवारीच. तिला सापडू नये म्हणून. नंबर तिला पाठ असणार, तिला सगळे पाठ असतात, इथल्या बावीस गाड्यांचे पाठ हायत. पण तिला विचारायचं म्हणजे — तुमी विचारा. न्हाई, तुमी नको. जन्नतबीला पाठवू? ती काय सांगेल, कशाला पाहिजे नंबर नापास झालेल्या परीक्षेचा? उद्या देतो ना. उद्या सकाळी मी फोन करतो तुमाला. सोमवारी बॅच सुरू? मग आज. हाव. आज. आत्ता.

थांबा, मी उठतो. आत जाऊन सांगतो तिला. कसं सांगायचं ते जरा… तुमी वर्गात कसं सांगता हो पोरांना, तुमचं स्वतःचं गणित फळ्यावर चुकतं तेव्हा? पुसून टाकता? सगळ्यांदेखत?

खिडकी उघडी हाय. मघाशी बंद होती, न्हाई? मी बघितली होती बंद.

बुशरा.

कधीपासून उभी हाय तू माझ्या मागं?

ठेव तो ट्रे. टेबलावर ठेव. सर हायत हे, ओळखतेस ना. ये. पुढं ये. त्यांना तुझा परीक्षेचा नंबर पाहिजे. सांग.

माझ्याकडं बघू नको. त्यांच्याकडं बघून सांग.