महादेवराव धारणीला चालले

सन्माननीय सभाध्यक्ष केशवरावसाहेब, व्यासपीठावरील थोर मंडळी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते महादेवराव इंगळे, पुढच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी रुख्मिणीवहिनी, आणि अमरावती-अकोल्याच्या गावागावांतून चिखल तुडवत आलेल्या माझ्या फौजी भावांनो,

मी हवालदार सूर्यभान, अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यातला. लढाईत तारायंत्राच्या पलटणीत होतो, त्यामुळे थोडक्यात बोलायची सवय आहे. शिवाय अध्यक्षसाहेबांनीही मला थोडक्यातच बोलायला सांगितलं आहे. का सांगितलं, ते ओघानं येईलच.

निरोपाच्या सभेत उत्सवमूर्तीच्या गोड स्वभावाचं वर्णन करायची रीत आहे. महादेवरावांचा स्वभाव गोड नाही. माझा पहिला अर्ज त्यांनी, अक्षर वाचता येत नाही म्हणून, माझ्याच हातात परत ठेवला होता. मग हा एवढा मोठा मेळा त्यांच्यासाठी का जमला?

लढाई संपली, आम्ही घरी आलो. सरकारनं हुकूम काढला की सरकारी जागांवर आधी फौजेतून आलेल्यांचा हक्क. हा हुकूम आपल्याकडे कसा पाळला जातो ते पाहून नागपूरला कळवायचं काम केशवरावसाहेबांच्या कचेरीकडे आलं, आणि कचेरीत ते महादेवरावांच्या टेबलावर पडलं. आता पाहायचं म्हणजे काय? खात्याखात्याकडून आकडे मागवायचे, बेरीज करायची आणि पाठवून द्यायची. बेरीज छान येत होती. साहेब खूश होते, नागपूर खूश होतं.

एके दिवशी महादेवराव भाजी घ्यायला बाजारात गेले, तर नांदगाव खंडेश्वरचा गोवर्धन वांगी विकताना दिसला. हा गोवर्धन ब्रह्मदेशाच्या डोंगरात फौजेचा ट्रक चालवत होता. बेरजेत तो सरकारी मोटरीवर नोकरीला लागलेला होता.

"काय गा गोवर्धन, तू तं मोटरीवर लागला होता ना?"

"लागलो होतो जी. दिवाळीपर्यंत ठेवलं, मंग काढलं."

"काहून?"

"म्हने, तुले इकडचे रस्ते मालूम नाहीत."

दिवे न लावता कड्यावरून ट्रक नेलेला माणूस, मंडळी, आणि त्याला बडनेऱ्याचा रस्ता मालूम नाही!

"मंग आता तुह्या जागेवर कोन हाय?"

"तोबी फौजीच हाय म्हन्तेत. फौजेच्या क्यांटिनात ठेकेदाराकडं च्या इकत होता. तिथल्या सायबाचा कोनी लागते."

म्हणजे बेरजेत गोवर्धनही धरलेला आणि तो चहावालाही धरलेला. मोटर एकच, पण तिच्यावर दोन फौजी लागले. अशी बरकत आम्ही कोणत्याच मुलखात पाहिली नाही.

त्या दिवसापासून महादेवरावांनी सायकल काढली. आपली काळी माती पावसाळ्यात चाकाला कशी धरते ते तुम्हाला सांगायला नको. अर्धी वाट हा माणूस सायकलवर गेला आणि अर्धी वाट सायकल त्याच्या खांद्यावर गेली. दर दारात ते एकच विचारत, "नोकरी आज आहे का?" बहुतेक दारांत उत्तर आलं, होती, आता नाही. आमच्या गावच्या पार्वताबाईचा मुलगा चौकीदार म्हणून लागला आणि महिन्यातच घरी बसला. ती त्यांना म्हणाली, "बाप्पा, सरकारी मानसं येतेत ते सांगायले. इचारायले आलेले तुमीच पयले."

मग बेरजेचा नवा कागद घेऊन ते साहेबांपुढे उभे राहिले. मी त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसलो होतो आणि दार उघडं होतं. साहेब, इथं आपण समोरच आहात, माझं चुकलं तर मला थांबवा. आपण म्हणालात, "सरकारनं किती जणांना नोकरी लागली एवढंच विचारलंय. लागली की नाही?"

"लागली, साहेब."

"मग सही करा."

"लागली आणि काढूनही टाकली, असं लिहिलं तर करतो."

तसं लिहिलं गेलं नाही, आणि सहीही झाली नाही. आठवडा उलटायच्या आत त्यांची धारणीला बदली झाली. हुकमात म्हटलंय की मेळघाटात अनुभवी माणसाची गरज आहे. असेलही. पण तिथं मुलींची शाळा नाही, आणि वहिनींची मोठी मुलगी इथं सातवीत शिकते. तिला आता मामाकडे ठेवावं लागणार. आम्ही भेटायला गेलो तेव्हा वहिनी सामान बांधत होत्या. आम्ही दोरी धरायला पुढे झालो. त्याच म्हणाल्या, "सही केली असती तं मुलगी घरात राहिली असती. पन मंग यायच्याशी बोलनं जड गेलं असतं मले."

आता माझं सांगतो. परवा साहेबांनी मला बोलावून घेतलं, खुर्ची दिली. म्हणाले, "सूर्यभान, कचेरीत शिपायाची जागा निघाली आहे, ती तुला देऊ. निरोपाचं भाषण तेवढं बेतानं कर." मी घरी येऊन मैनाबाईला, म्हणजे माझ्या कुटुंबाला, सांगितलं. ती पानं लावत होती. हात न थांबवता म्हणाली, "घरात पगार आला तं मले काय वाईट वाटन? पन तुमी तिथं मान खाली घालून बसाल, ते मले पायवनार नाही."

तेव्हा केशवरावसाहेब, या भरल्या सभेत नम्रपणे सांगतो, ती जागा मला नको. माझ्या हक्काची असेल तर ती माझ्या गप्प बसण्याच्या बदल्यात का मिळावी? आणि हक्काची नसेल, तर ज्याची असेल त्याला द्या. आधी गोवर्धनची मोटर गोवर्धनला परत द्या.

आणखी एक. महादेवराव गेले म्हणजे विचारणारा गेला, असा कुणाचा समज असेल तर तो इथंच सोडावा. काल आम्ही सगळ्या फौजी भावांनी ठरवलं आहे. अकोल्याकडची गावं अकोल्याचे भाऊ पाहतील, अंजनगावकडची मी पाहीन. प्रत्येक दारात तोच प्रश्न विचारू, आणि जे उत्तर येईल ते थेट नागपूरला कळवू. आमची बदली कुठं करणार? आम्हाला तर नोकरीच नाही.

महादेवराव, आपण पलटणीत नव्हतात, बंदूक कधी हातात धरली नाहीत. तरी आज हे सगळे जवान आपल्याला उभं राहून सलाम करणार आहेत. तो घ्यावा, संकोच करू नये.

सभेला जागा देणाऱ्या शाळेचे, हार करून आणणाऱ्या माळी बंधूंचे आणि एवढा वेळ घंटी न वाजवता बसलेल्या अध्यक्षसाहेबांचे मी मनापासून आभार मानतो. माझी बोली रांगडी आहे. एखादा शब्द वाकडा गेला असेल तर थोरांनी पोटात घालावा. शब्दांपुरती माफी मागतो. जे सांगितलं त्याची मागत नाही.