डांगी गाईचं तेल

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, परवा घोटीला जनावरांच्या प्रदर्शनात नेलं होतं. नाशिकच्या फ्लॅटमध्ये आल्यापासून त्यांनी गाईला हात लावला नव्हता. तिथं एक काळी-पांढरी डांगी गाय दिसली आणि ते तिच्या पाठीवरून हात फिरवतच राहिले.

मालक म्हणाला, "बाबा, हिच्या अंगाला तेल सुटतं. कितीबी पाऊस पडूद्या, काय होत नाय."

"मला सांगतो व्हय? आमच्याकडं सात होत्या."

"मग?"

"इकल्या. जर्सी आणायला मीच इकल्या."

परत येताना दादा गाडीत मधूनच तळहात नाकाशी नेत होते. घरी आई पानं वाढून म्हणाली, "अहो, हात धुवून बसा."

आयुष्यात पहिल्यांदा दादांनी जेवायला चमचा मागितला.