जावयाचं फिकं बटण

आमच्या जावयाचं सांगतो, आयका. पुण्यात वेबसाइटी बनवतो. यवतवरनं आमच्या शेतकरी गटाचा फुलांचा टेम्पो मार्केटला जातो, त्यात जागा धरायची वेबसाइट त्यानंच केली. बाराला बुकिंग बंद. मागं राहिली फुलं की उकिरड्यावर.

धोंड्याच्या महिन्यात जावई जेवायला आलेला. मी रानात, झेंडू तोडून ठिवलेला, मोबाईल हातात. उन्हात त्या पांढऱ्या पडद्यावर पांढुरकं बटण काय घावंना. घरात येऊन बघितलं तरी तेच. बारा वाजत आलेले.

म्हणलं, "जावईबापू, बटण कुठं ठिवलंय?"

"हाय की मामा, खाली. फिकं केलंय, डोळ्याला शांत वाटतं."

"माझा झेंडू चाललाय उकिरड्यावर, आन् शांत कुणाला वाटतंय?"

म्हातारी ताट वाढता वाढता वराडली, "अवो, धोंड्याच्या जेवणाला आलेल्या जावयाला असं बोलत्यात व्हय?"

जावई समजुतीनं म्हणाला, "मामा, एकदा मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्या."

"दिवाळीतच झालंय. आता तुमच्या बटणाचं करा. तवर ताटाला हात लावायचा न्हाई!"

त्यानं गुमान लॅपटॉप उघडला. म्हातारीनं चुलीवर तूप पातळ करून आणलं, तवर बटण काळंकुळकुळीत. दाबलं, जागा मिळाली.

म्हणलं, "जावईबापू, तूप पातळ व्हायच्या आत होणारं काम, आन् तुम्ही माझा डोळा कापायला निघाला होता!"