उत्तरेच्या तटाची मोजणी

हॅलो?… हॅलो, शिरूर? सिद्दीकभाई का?… मी दौंडच्या पोस्टातून बोलतेय, सरूअक्काची धाकटी बहीण. तिला बोलावून ठेवलंय ना?… द्या, द्या.

अक्का? अगं, घाबरलीस काय अशी. सगळे बरे आहेत… नाही गं, आईलाही काही नाही. ऐक ना, तीनच मिनिटं आहेत. मी काल पेडगावला जाऊन आले… पेडगाव. आप्पांचं पेडगाव… एकटीच.

माहीत आहे, आप्पांना जाऊन सव्वा महिनाच झालाय. घरात बसून काय करणार होते? त्यांची पेटी उघडली. वर वही आणि खाली दोरी… हो, तीच, काथ्याची, तट मोजायची. मग राहवेना.

होडीनंच गेले. अजून इमामचाचाच वल्हवतात. थकलेत आता. माझ्या नाकावरून ओळखलं म्हणाले. मास्तर गेले म्हटल्यावर वल्हं पाण्यात तसंच धरून बसले. होडी भलतीकडेच चालली होती…

आहे ना, तट उभा आहे. आतल्या गावाची मात्र कल्पनाच करावी लागते. वेशीतून आत शिरलं की ज्वारी, आणि ज्वारीच्या मधोमध देऊळ. खांबांवरची नक्षी हात पोचतो तिथवर झिजलीय, त्याच्या वर अगदी काल कोरल्यासारखी. नदीच्या बाजूला हत्तीकडून मोटेचं पाणी ओढत, ती जागाही पाहिली… हत्ती कुठला आता? शेळ्या होत्या.

अक्का, मला वेगळंच विचारायचंय. ऐकू येतंय ना? आप्पांचा तटबंदीवरचा लेख परत आला होता, आठवतं?… हो, तोच. संपादकांनी लिहिलं होतं, उत्तरेचा तट दक्षिणेच्या दीडपट कसा, माप विश्वसनीय वाटत नाही. त्यानंतर आप्पांनी एक ओळ लिहिली नाही. मी लहान होते. त्या पाकिटाबद्दल घरात बोलायचं नाही, एवढंच मला कळायचं. आता तो लेख पुन्हा पाठवावा असं मनात आहे. पण आप्पा खरे होते का, ते आधी बघायला हवं होतं.

मोजला की. दोरीचं एक टोक इमामचाचांनी धरलं, एक मी. तीन बाजू तंतोतंत जुळल्या. उत्तरेला वहीत त्रेसष्ट दोऱ्या आहेत. आमच्या एक्केचाळीस भरल्या. पुन्हा मोजलं, तरी एक्केचाळीसच… नाही, ढासळलेला नाही. बुरूज ते बुरूज सगळा आहे.

दोरी आटली असेल?… मग बाकीच्या तीन बाजू कशा जुळल्या?

बरं, पुढचं ऐक. उत्तरेच्या वेशीपाशी अमीरबी राहतात. म्हाताऱ्या आहेत. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तूच का गं ती, आमच्या दारात बसून चिंचा खाणारी? बाप काट्याकुट्यात आन् पोर चिंचंखाली." मी म्हटलं, ती मी नव्हे. मी तेव्हा पाळण्यात असेन.

तू गेली होतीस ना आप्पांबरोबर?… नऊ वर्षांची. आणि तुझं काम काय होतं?… हो. एक दोरी भरली की आप्पा हाक मारणार, तू ओच्यात एक चिंचोका टाकायचा… हो… मग खाल्लेल्या चिंचांचे चिंचोके कुठे टाकलेस?… त्याच ओच्यात.

रडू नकोस गं. बावीस चिंचोके. पोट दुखलं नाही का तुझं?…

कधीपासून ठाऊक होतं तुला?… पाकीट आलं त्या दिवसापासून? म्हणजे अठरा वर्षं… दवाखान्यातसुद्धा सांगणार होतीस? मग?… हो. ते झोपले होते.

अक्का, आप्पांना माहीत होतं… सांगते ना कसं. येताना होडीत वहीचं ते पान उलटलं. मागे शिसपेन्सिलीनं लिहिलंय. वाचू?… "पुन्हा मोजले. एक्केचाळीस." तारीख पाकीट आल्यानंतरच्या महिन्यातली. आणि खाली, "सरूला कळू नये."

हो. एवढंच… दुरुस्ती पाठवायची तर चूक कशी झाली ते लिहावं लागलं असतं. म्हणून पाठवलीच नसावी. असं मला वाटतं, अक्का. विचारायला आता ते नाहीत.

आणि मी बघ. त्यांनी अठरा वर्षं राखलं, ते मी तीन मिनिटांत… हो, ऑपरेटर, वाढवा. आणखी तीन मिनिटं द्या.

काय म्हणालीस?… पाठवू? एक्केचाळीस घालून?… आणि फरकाचं कारण?… चिंचोके? खरंच लिहू? तुझ्या नावानिशी?… हसतील गं ते संपादक… अगं, तुझे यजमानही वाचतील…

बरं. लिहिते. मोजणीस साहाय्य, सरू. सासरचं नाव नको?… नको. तेव्हा नव्हतंच.

नाही, वहीला मी हात लावणार नाही. लेखात तेवढा आकडा बदलेन. वहीत त्रेसष्ट तसाच आहे, अक्का. आप्पांनी तो खोडलेला नाही… हॅलो? खोडलेला नाही म्हटलं, ऐकलंस का?… हॅलो?… अक्का?…

ऑपरेटर, शिरूर पुन्हा लावून द्या. एकच वाक्य राहिलंय.