पासवर्ड ठेवून न घेणाऱ्या रूहीबाई

सन्माननीय अध्यक्ष नानाजीभाऊ, मंचावरचे पाहुणे, बाजार चौकातले दुकानदार बंधू, माझे विद्यार्थी, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या रूहीबाई व त्यांचे पती अजीमभाई,

२००१ पासून चामोर्शीत इंटरनेट म्हणजे रूहीबाईंचं दुकान. आता अजीमभाईंना ऊर्जानगरला नोकरी लागली, दोघं तिकडे चालली, आणि दुकान बंद होत आहे.

बाजाराच्या दिवशी खेड्यातून आलेला माणूस ओळखीच्या दुकानात थैली ठेवतो आणि मोकळ्या हातानं फिरतो. ही आपली रीत. संगणकानं ‘पासवर्ड जपून ठेवू का’ विचारलं, की आपण त्याच विश्वासानं ‘हो’ दाबायचो. रूहीबाईंकडेच ठेवला, असं वाटायचं. पण त्या खुर्चीवर पुढे कोण बसणार, हे कोणाला ठाऊक?

गिऱ्हाईक उठलं की रूहीबाई तो ठेवलेला पासवर्ड पुसून टाकायच्या. लोक चिडायचे. आमचे देवाजी मास्तर म्हणायचे, “बाई, माहा पासवर्ड तुम्ही खाल्ला.”

“खाल्ला नाई सर. तुमच्या डोक्यात वापस पाठवला.”

आता अध्यक्षांच्या परवानगीनं एक सांगतो. परवानगी खरोखर घेतली आहे. नाहीतर आज चहा मिळायचा नाही.

करिष्मा ही नानाजीभाऊंची पुतणी. वडील गेल्यावर यांनीच तिला वाढवलं. तिनं घरी न सांगता नागपूरच्या नर्सिंग कॉलेजात अर्ज केला. मुलाखतीचं पत्र ई-मेलवर यायचं होतं. कोणीतरी कुजबुजलं, पोरगी कोणाला तरी चिठ्ठ्या लिहिते. भाऊ दुकानात आले, तिच्याच संगणकापुढे बसले. पडद्यानं पासवर्ड मागितला.

“काल पोरगी इथीच बसली होती. खोलून द्या.”

“माह्याजवळ नाई, भाऊ.”

“मशीनमंदी ठेवला असन तिनं.”

“ठेवला होता. म्या पुसला.”

“काऊन पुसला? काका आहो मी तिचा!”

“मंग तिलेच इचारा ना. मशीनले कायले इचारता?”

भाऊ रागानं उठून गेले. ते मला पुढे म्हणाले, “तवा पत्र दिसलं असतं ना सर, तर म्या मिटवलं असतं. तिले पत्ताही लागला नसता.” पोरीला एकटी नागपूरला धाडायची भीती होती. ती भीती खोटी होती, असं मी म्हणणार नाही. मलाही मुली आहेत.

पण घरी जाऊन त्यांनी तिला विचारलं. ती रडली, मग सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोघं दुकानात आली. करिष्मा पासवर्ड टाकू लागली, तेव्हा कोणी न सांगता भाऊंनी मान दाराकडे फिरवली. पत्र आलं होतं. तिनं ते वाचून दाखवलं. भाऊंनी एवढंच विचारलं, “राहाले जागा देतेत का?”

करिष्मा आज रुग्णालयात ड्यूटीवर आहे, म्हणून आली नाही.

रूहीबाई, या गावातर्फे तुमचे आभार. माझ्या बोलण्यात कोणाला मान द्यायचा राहिला असेल, थट्टा कोणाला लागली असेल, तर ते पोटात घाला. आणि उद्या दुसऱ्या दुकानात बसाल, तेव्हा उठण्याआधी आपला पासवर्ड आपणच पुसा. तिथे रूहीबाई नसतील.